उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्यांसाठी खुराड्याला कूलर लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचगावला घरामागे आठ कोंबड्या आहेत, मार्च संपता संपता अंडी निम्म्यावर आली, कवच पातळ झालं, दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून धापतात, तर छोटा कूलर लावू का?

नको. कूलर हवेत ओल सोडतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून घशातली ओल उडवते आणि त्यातून अंग थंड करते. बंद खुराड्यात हवा दमट झाली की तो मुख्य मार्गच तुंबतो. वारा हवाच असेल तर साधा टेबल फॅन कोंबड्यांच्या उंचीवर, आडवा वारा जाईल असा ठेवा. वायर चोचीच्या टप्प्याबाहेर. पण खरं काम दोनच ठिकाणी आहे: डोक्यावरचा तापलेला पत्रा आणि भर दुपारी पोटात असलेला दाणा.

दाण्याचं आधी सांगतो, कारण त्याला पैसा लागत नाही. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर चार-पाच तासांनी सर्वांत जास्त असते. म्हणजे दहा-अकराला दाणा टाकला तर ऐन तीनच्या उन्हात कोंबडी आतून-बाहेरून तापते. आठ कोंबड्यांना उन्हाळ्यात दिवसाला साधारण 800 ते 900 ग्रॅम खाद्य पुरतं. त्यातला तिसरा हिस्सा उजाडताच द्या, नऊपर्यंत भांडं उचला, उरलेलं साडेपाचनंतर. बाजरी उष्ण की मका उष्ण यावर गल्लीत हमखास वाद होतात. माझ्या मते दाणा कुठला यापेक्षा तो कधी टाकला, हे महत्त्वाचं. भिजवलेला भरडा देत असाल तर अर्ध्या तासात संपेल एवढाच द्या, नाहीतर आंबतो.

पातळ कवचामागेही धापाच आहेत. सारखं धापून रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. त्यात खाणं घटल्याने कॅल्शियमही कमी जातं. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवच मुख्यतः रात्री चढतं. म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका. जिला हवा ती खाते. पिल्लांच्या आणि तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांच्या) आवाक्यात मात्र ती वाटी नको.

आता पत्रा. आपल्याकडे उसाचा पाला फुकटात मिळतो, त्यासारखं आच्छादन नाही. पत्र्यावर आडव्या कामट्या टाका, त्यावर चार-सहा इंच पाला पसरा, वरून जुनी जाळी टाकून सुतळीने चारी बाजूंनी आवळा, नाहीतर पहिल्याच वावटळीत शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. कामट्यांमुळे पाला आणि पत्रा यांच्यात हवा खेळते, ती पोकळी फार उपयोगाची. चूल किंवा बंब जवळ असेल तर पाला नको, वाळलेला पाला भडकायला एक ठिणगी बास. तिथे पत्र्याला चुन्याचे दोन हात द्या. वळवाने धुपला की पुन्हा मारावा लागतो.

पश्चिमेला गोणपाट लावा, पण भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून. दुपारी दोनदा पाणी मारा. छताखाली वरच्या बाजूला जाळीची फट हवी, तापलेली हवा तिथूनच निघते. जाळी अर्धा इंचीच घ्या. मुंगसाच्या भीतीने रात्री खुराडं गच्च बंद केलं तर दिवसभराची धग आतच राहते. खाली तूस चार इंच असेल तर दोनवर आणा आणि ते सकाळीच हलवा.

पाणी: एरवी कोंबडी पाव लिटर पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. आठांना चार लिटर लागतं, म्हणून सहा लिटर दोन-तीन ठिकाणी, सावलीत, खापराच्या पसरट भांड्यांत ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी थेट देऊ नका, कोमट पाण्याला त्या चोच लावत नाहीत. ओआरएसची पुडी पाकिटावरच्या मापाने, फार तापलेल्या दिवशी दुपारपुरती, शेजारी साधं पाणी ठेवून. उरलेलं संध्याकाळी ओतून टाका.

एखादी कोंबडी पंख फाकवून बसली आणि मान टाकली, तर सावलीत घ्या आणि पाय व पोट साध्या गार पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. बर्फ नको. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती गिळते. उन्हाने मलूल झालेली कोंबडी गारवा मिळाला की सावरते. हिरवी हगवण, नाकातून पाणी, वाकडी मान दिसली तर ते ऊन नव्हे, राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची शंका घ्या. ती वेगळी ठेवून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा. भारी अंगाच्या गिरिराज, वनराज जातीच्या कोंबड्या आधी दमतात, उघड्या मानेच्या गावठी सर्वांत चिवट.

खुडूक बसलेली असेल तर तिला रोज सकाळ-संध्याकाळ उठवून पाण्यावर न्या, काही जणी तहानेनेही उठत नाहीत. एप्रिल-मेमध्ये अंडी बसवूच नका. गोळा केलेली अंडी 27 अंशांच्या वर राहिली की आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि पुढे मरतो. खायच्या अंड्यांनाही तेच लागू, कोंबडा असेल तर दिवसातून दोनदा उचला.

वळीव पडून गेला की गारवा आला असं वाटतं, पण हवा दमट होते आणि धापांचा उपयोग घटतो. त्या संध्याकाळी प्लास्टिक लावून खुराडं झाकू नका, ओलं तूस त्याच दिवशी काढा. त्यातून सुटणाऱ्या अमोनियाने डोळे जातात, आणि त्या ओलीने पिल्लांना रक्ती हगवण लागते. आणि मृग लागायच्या आधी पाला उतरवा. भिजून कुजला की त्यात उंदीर घर करतात, उंदरांमागे साप येतो.