शंका-समाधान : नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग मी कागदावर केला, तेव्हा उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ आले. हा योगायोग समजावा काय? दहा एक घेतल्यावर ही चढउतार का बिघडते? या संख्येला काही नाव आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : योगायोग मुळीच नाही. आपण गुणाकार हाताने केलात हे बरे झाले, कारण या संख्येचे मर्म त्या मांडणीतच आहे. गुणकातला प्रत्येक अंक १ असल्यामुळे नऊ ओळींत तीच संख्या लिहावी लागते, फक्त प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली असते. बेरजेच्या वेळी उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ सापडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या रकान्यात नऊ होतात आणि पुढे एकेक ओळ संपत गेल्याने ते त्याच क्रमाने कमी होत जातात. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येतच नाही. सारी शोभा या न आलेल्या हातच्याची आहे.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात. तिथला हातचा डावीकडच्या नवाचे दहा करतो, त्याचा हातचा आठाचे नऊ करतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. म्हणजे मोडते ती डावी बाजू. उजवीकडची नवापासून एकापर्यंतची उतरण शाबूत राहते. ही मर्यादा अर्थात आपल्या दशमान लेखनाची आहे. ० ते ७ हे आठच अंक वापरणाऱ्या अष्टमान पद्धतीत हाच खेळ सात एकांपर्यंतच चालेल.

नावाविषयी सांगायचे तर देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले. हे नाव त्यांनी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेमलो या स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून घेतले. ही कल्पना त्यांना तिथे सुचली होती.

कापरेकरांनीच वर्णिलेला आणखी एक गुण या संख्येत आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येला ते ‘हर्षद’ म्हणत. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग आहे. (यात ८ गाळलेला आहे, मुद्रणदोष नव्हे.) कारण सरळ आहे : नऊ एकांची संख्या म्हणजे ९ × १२३४५६७९. तिचे मूळ अवयव पाडल्यास ३ × ३ × ३७ × ३३३६६७ मिळतात, त्यामुळे आपल्या सतरा अंकी संख्येला एकूण ४५ विभाजक आहेत.

अशा संख्यांचे कौतुक मात्र कापरेकरांपेक्षा पुष्कळ जुने आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या असे केले आहे. ती सहा एकांचा वर्ग आहे.