रॅगटाइम आधी, जॅझ नंतर

एका वाचकाने विचारलं आहे: 'रॅगटाइममधला रॅग म्हणजे आपला राग का? आणि जॅझ हे रॅगटाइमचंच पुढचं नाव आहे का?'

रागाशी काही संबंध नाही. इंग्रजीत रॅग म्हणजे चिंधी आणि रॅग्ड म्हणजे फाटकंतुटकं, कडा विसकटलेलं. 'रॅग्ड टाइम'वरून रॅगटाइम हे या अमेरिकी संगीतशैलीचं नाव झालं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि संगीत ऐकलं की ते पटतं. पियानोवर डावा हात लष्करी बँडच्या चालीने एकसारखा चालतो: खाली खर्जाचा स्वर, वर स्वरांचा झुबका, पुन्हा खाली, पुन्हा वर. उजवा हात मात्र मात्रेवर पडायचं टाळतो. त्याचे आघात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे येतात. आपल्याकडे समेच्या आधी किंवा नंतर येण्याला अनाघात आणि अतीत म्हणतात, तोच खेळ इथे जवळजवळ प्रत्येक मात्रेशी चालतो. रॅगटाइमचा रचनाकार स्कॉट जॉप्लिन याचा १८९९ सालचा 'मेपल लीफ रॅग' ऐकताना नुसत्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवून पाहा, म्हणजे लयीची कड कुठे विसकटली ते लगेच कळेल.

अशा एका रचनेला 'रॅग' म्हणतात, शैलीला 'रॅगटाइम'. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मला यातलं क्रियापद जास्त मोलाचं वाटतं. एखादी चाल 'रॅग करणं' म्हणजे तिचे आघात सरकवून ती वाजवणं. मग ती चाल मार्चची असो की चर्चमधल्या भजनाची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले बँड १९०० च्या आसपास हेच करत होते. बडी बोल्डनच्या कॉर्नेटची (ट्रम्पेटसारखं वाद्य) तिथे ख्याती होती. त्याचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही आणि १९०७ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला. आज आपण त्याला जॅझचा आद्य वादक म्हणतो, पण त्या काळी या वादनाला 'जॅझ' हा शब्द लागलेलाच नव्हता. क्लॅरिनेटवादक सिडने बेशे त्याच शहरातला. हे नाव गोऱ्यांनी दिलं, आम्ही रॅगटाइमच म्हणायचो, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

मग 'जॅझ' आला कुठून? बेसबॉलच्या मैदानातून! १९१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात बेन हेंडरसन नावाच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) आपल्या डगमगत जाणाऱ्या चेंडूला 'जॅझ बॉल' म्हटलं. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडापानावर हा शब्द जोश, दम, चैतन्य या अर्थाने दिसतो. त्याच अर्थाचा 'जॅझम' हा जुना अमेरिकी शब्द त्याचं मूळ असावा. फ्रेंच किंवा आफ्रिकी मुळं सांगितली जातात, पण त्यांना कागदाचा आधार मिळालेला नाही. संगीताला हा शब्द चिकटला तो १९१५ च्या सुमारास शिकागोत. १९१७ मध्ये 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' या गोऱ्या वादकांच्या चमूची तबकडी निघाली आणि नाव सर्वतोमुखी झालं. स्पेलिंग तेव्हा एस-एस होतं, झेड-झेड थोडं नंतर स्थिरावलं.

म्हणजे नाव बदललं आणि संगीत तेच राहिलं? तसंही नाही. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयासाठी 'मेपल लीफ रॅग' दोन तऱ्हांनी वाजवून दाखवला: एकदा मिसुरीच्या, म्हणजे मूळ रॅगटाइमच्या ढंगात, एकदा न्यू ऑर्लिन्सच्या. पहिल्यात रचना जवळपास लिहिल्याबरहुकूम येते. दुसऱ्यात लय झुलायला लागते आणि ओळखीच्या जागा तो आपल्या मनाने फुलवत जातो. रॅगटाइम मुळात कागदावर लिहिलेलं, छापून विकलं जाणारं संगीत. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी त्यात ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी गायनशैलीचे स्वर आणि उपज घातली.

म्हणून मराठीत लिहिताना जॉप्लिनला 'जॅझ संगीतकार' म्हणू नये, रॅगटाइमचा रचनाकार म्हणावं. बोल्डनच्या वादनाला 'आरंभीचा जॅझ' म्हणायला हरकत नाही, फक्त त्या काळचं नाव रॅगटाइम होतं हे सोबत सांगावं.