दुसरा शाफ्ट आधी घे, कार्बन नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात तुझी पहिली नाइन-बॉल (पूल) स्पर्धा, हाताशी एकच क्यू आणि खिशात पंचवीस हजार. व्यावसायिक खेळाडू खांद्याला एवढी मोठी केस लावून फिरतात त्यात असतं तरी काय, आणि त्यातलं आधी काय घेऊ, कार्बन शाफ्ट की ब्रेक क्यू?

दोन्ही नको. आहे त्याच क्यूला दुसरा शाफ्ट, म्हणजे टोकाला चामड्याची टिप असलेला पुढचा भाग, घे. का, ते केस उघडूनच सांगतो.

दुकानात केसवर 2×4, 3×6 असे आकडे दिसतील. पहिला आकडा बटांचा, म्हणजे हातात धरायच्या मागच्या भागांचा, दुसरा शाफ्टचा. म्हणजे 3×6 मध्ये तीन बट आणि सहा शाफ्ट मावतात. तीन बट समजण्यासारखे आहेत: एक खेळायचा, एक ब्रेकचा (सुरुवातीला बॉल फोडायचा), एक जंपचा (व्हाइट दुसऱ्या बॉलवरून उडवायचा). पण शाफ्ट दुप्पट कशाला, हा प्रश्न मलाही पहिली काही वर्षं पडायचा. उत्तर एका स्पर्धेत मिळालं आणि महागात मिळालं.

आधी नऊ रॅक (डाव) जिंकेल त्याचा सामना होता, मी 6-5 ने पुढे. सोपा दोन नंबरचा बॉल, पॉट करून व्हाइट (पांढरा बॉल) थोडा मागे आणायचा, एवढंच काम. स्ट्रोक मारला आणि ‘टक’ऐवजी ‘खट्’ असा कोरडा आवाज आला. टिप उडून शेजारच्या टेबलाखाली गेली. मार्करकाकांनी ती शोधून माझ्या तळहातावर ठेवली, तुटलेला दात परत द्यावा तशी. दुसरा शाफ्ट होता माझ्याकडे, पण लॉजच्या कपाटात! क्लबचा क्यू घेऊन खेळलो आणि 9-6 हरलो. पुढच्या स्पर्धेत शहाणपण आलं, दुसरा शाफ्ट सोबत नेला. तिथेही वेळ आली, शाफ्ट बदलला, आणि लागोपाठ दोन सोपे बॉल चुकले. कारण त्याच्यावर नवी कोरी सॉफ्ट टिप होती आणि माझा हात बसला होता मीडियमवर. सॉफ्ट टिप बॉलला जरा जास्त वेळ चिकटल्यासारखी वाटते, हाताला कळणारा ठोका वेगळा, त्यामुळे जोराचा अंदाज चुकतो.

तेव्हा दुसरा शाफ्ट पहिल्याचा जुळा भाऊ हवा. तोच व्यास, त्याच कंपनीची त्याच कडकपणाची टिप, आणि निदान आठवडाभर खेळून दबलेली. सरावातही दोन्ही शाफ्ट आलटून पालटून वापर.

घेताना जॉइंट, म्हणजे शाफ्ट आणि बट जोडणारा स्क्रू, बघ. 5/16×14, 3/8×10, रेडियल, युनि-लॉक असे आटे वेगवेगळे असतात आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या बटावर बसत नाही. ‘बसेल हो’ म्हणणाऱ्या दुकानदारावर जाऊ नकोस, बट सोबत घेऊन जा आणि फिरवून बघ.

आता कार्बन. साइड लावून, म्हणजे व्हाइटला मधोमध न मारता बाजूला मारलं, की तो सरळ जात नाही, लावलेल्या साइडच्या उलट बाजूला किंचित सरकतो. शाफ्टचं पुढचं टोक जितकं हलकं, तितकं हे सरकणं कमी. प्रेडेटर या क्यू कंपनीने आधी लाकडातच हे साधलं होतं, मग 2016 मध्ये रेव्हो हा काळा कार्बन शाफ्ट आणला आणि आता प्रोंच्या हातात काळ्या शाफ्टचीच गर्दी दिसते. तो वाकत नाही, जुलैच्या मुंबईत फुगत नाही, ओल्या फडक्याने पुसला की साफ. सगळं खरं. पण तुझी नजर आजवर तुझ्या लाकडी शाफ्टच्या सरकण्याचा हिशेब धरूनच नेम घेते. तो हिशेब स्पर्धेच्या महिनाभर आधी मोडू नकोस. स्पर्धा झाल्यावर खुशाल घे.

ब्रेक क्यूचं काम नुसतं जोर वाढवणं नाही. त्याची टिप फिनोलिक या टणक प्लास्टिकची किंवा तशाच कडक मालाची असते. रोजच्या चामड्याच्या टिपने दणादण ब्रेक केले तर ती दबते, कडेने छत्रीसारखी फुगते, चकाकायला लागते आणि मग खडू धरत नाही. म्हणजे ब्रेक क्यू खेळायच्या टिपचं आयुष्य राखतो. तू तूर्त क्लबमधला एखादा सरळ क्यू निवडून त्याने ब्रेक कर, कुणी हसणार नाही.

जंप क्यू आखूड असतो, पण नियमाने 40 इंचांपेक्षा कमी चालत नाही. स्नूकरमधून आलेल्यांना याचं नवल वाटतं, कारण तिथे बॉलवरून उडी मारली तर फाउल. नाइन-बॉलमध्ये सर्वांत लहान नंबरला आधी लागावंच लागतं आणि समोरच्याने तो झाकून ठेवला की एक रस्ता कुशनवरून, दुसरा हवेतून. कुशनचा रस्ता फुकट आहे, तो आधी शीक. शिवाय काही स्पर्धांत जंप क्यूच चालत नाही, नियमांचा कागद वाचून घे.

राहिली छोटी थैली. तिच्यात टिप खरवडायचं आणि गोलाई द्यायचं हत्यार, एक मायक्रोफायबर फडकं, दोन-तीन खडू. खडू म्हणायचा, पण तो खडू नाहीच. 1897 मध्ये स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हापासून तो सिलिका आणि घासणाऱ्या बारीक कणांचा आहे. प्रो स्वतःचा खडू बाळगतात, कारण टेबलावरच्या खडूला मधोमध विहीर पडलेली असते आणि त्याची भुकटी बॉलवर चिकटून ठोका बिघडवते. फिनलंडचा ताओम किंवा जपानचा कामुई महाग वाटेल, पण एक वडी बरेच महिने पुरते. घासून झाला की खिशात टाक. कुशनवर उलटा ठेवलास तर मागून येणाऱ्याच्या बाहीला रंग लागतो, आणि नेमाची खूण म्हणून मुद्दाम ठेवलास तर नियमात बसत नाही.

लाकडी शाफ्ट सँडपेपरने घासू नकोस. दर वेळी तो बारीक होत जातो, आणि मग जुळ्या भावांचा नात्यातही संबंध उरत नाही. त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लोव्ह घे, आपल्या घामाच्या हवेत एवढी स्वस्त सोय दुसरी नाही. लांबच्या शॉटसाठी बटामागे लावायचं एक्स्टेन्शन असतं. तुझी उंची सहा फुटांच्या आत असेल तर कधीतरी लागेल, नाहीतर रेस्ट (क्यू टेकवायची दांडी) आहेच.

सगळ्यात वेगळी वस्तू मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही. 2022 चा नाइन-बॉल विश्वविजेता शेन व्हॅन बोनिंग याला जन्मापासून कमी ऐकू येतं. त्याच्या कानात श्रवणयंत्र असतं आणि हवं तेव्हा ते बंद करून तो शांततेत खेळू शकतो. आपल्याला मागच्या टेबलावरच्या गप्पा सोसाव्याच लागतात.

विमानाने जाणार असशील तर क्यू केबिनमध्ये नेता येईल असं धरून चालू नकोस. दोन तुकडे मोठ्या सुटकेसमध्ये तिरके बसतात. जॉइंटवर टोप्या लाव, कठीण केस कपड्यांत गुंडाळ आणि बॅग चेक-इन कर. गाडीने गेलास तर डिकीत ठेवून उन्हात जेवायला थांबू नकोस. लाकूड वाकतं आणि ते तुला टेबलावर वाकल्यावरच कळतं.

तर पंचवीस हजारांत: जुळा शाफ्ट, दोन्हींवर एकसारखी टिप एकाच माणसाकडून बसवून, ग्लोव्ह, एक चांगला खडू आणि 1×2 ची कठीण केस. पैसे उरले तर टेबलाच्या भाड्याला ठेव. जॉइंटच्या स्क्रूचा आणि बटाच्या तोंडाचा जवळून फोटो पाठव, म्हणजे कुठला शाफ्ट बसेल ते सांगतो.