कर्नल अपडेटनंतर झेडएफएस पूल गायब? आधी जुना कर्नल

घाबरू नका. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, झेडएफएस ही डेटा साठवायची फाइल सिस्टीम, आणि पूल म्हणजे तिने एकत्र बांधलेल्या डिस्क.) बहुतेक वेळा डेटा जागच्या जागी असतो. नव्या कर्नलसाठी झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) बिल्ड झालेलं नसतं, एवढंच.

रीस्टार्ट करून ग्रब मेनूतल्या (मशीन सुरू होताना दिसणारा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. पूल दिसला तर डिस्कवर संशय घेऊ नका. डीकेएमएस हे कर्नलसाठी मॉड्यूल बिल्ड करणारं साधन. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल, तर त्याच आवृत्तीचं हेडर्स पॅकेज (मॉड्यूल बिल्ड करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) टाका आणि 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवा. या कमांडच्या 'के' पर्यायात नव्या कर्नलची आवृत्ती द्या, नाहीतर मॉड्यूल चालू कर्नलसाठीच बनतं. बिल्ड तरीही फसलं, तर बहुधा तुमची झेडएफएस आवृत्ती त्या कर्नलला चालत नाही. तूर्तास जुन्यावरच थांबा.

जुन्यावरही पूल नसेल तर नुसतं 'झेडपूल इम्पोर्ट' द्या. ते फक्त सापडलेल्या पूलांची यादी दाखवतं. नाव आलं की आधी पूल रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरता) जोडून महत्त्वाचं कॉपी करून घ्या.

नवखे हमखास इथे चुकतात:

- 'झेडपूल क्रिएट' देणं. ही सगळ्यात वाईट चूक, नवा पूल जुन्या पूलवरच लिहिला जाऊ शकतो.
- घाईत 'झेडपूल इम्पोर्ट'ला मोठा 'एफ' पर्याय लावणं. तो शेवटचे काही व्यवहार (डिस्कवर लिहिलेले बदल) टाकून देऊ शकतो.
- पूल परत आल्याच्या आनंदात 'झेडपूल अपग्रेड' करणं. मग झेडएफएसची जुनी आवृत्ती तो पूल उघडेलच असं नाही.