खुनी आधीच ओळखता येतो, मग रहस्यकादंबऱ्या वाचायच्या कशाला?

तुमचा प्रश्न वाचला. निम्म्या पुस्तकातच खुनी कोण ते कळतं, पुढचं वाचवत नाही, तर अजिबात ओळखता येणार नाही असं काहीतरी सुचवा, असं तुम्ही विचारलंय. आता मी तीसेक वर्षं हीच पुस्तकं वाचतोय आणि माझ्याकडून खुनी कधीच ओळखला जात नाही (बायको पन्नासाव्या पानाच्या आत ओळखते आणि सांगूनही टाकते, तो वेगळा विषय), पण खरं सांगू का, ओळखता आल्याने काही बिघडतं असं मला वाटतच नाही.

नववीत होतो तेव्हाची गोष्ट. गल्लीतल्या वाचनालयातून एक कादंबरी आणली, वीस-बावीस पानं झाली नाहीत तोवर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'हाच तो', आणि बाण त्या घरातल्या भाच्याकडे. असला संताप आला म्हणून सांगू! पण वाचनालय बंद झालेलं, पुस्तक बदलून मिळणार दुसऱ्या दिवशी, घरात दुसरं काही नाही, मग काय वाचली. आणि काय मजा आली राव. भाचा चहा घेऊन येतो, भाचाच डॉक्टरला बोलवायला पळतो, मामा गेल्यावर सगळ्यात जास्त रडतो तोही भाचाच, आणि दर वेळी लेखक हळूच आपलं लक्ष दुसरीकडे नेतो, कधी माळ्याची भांडणं काढतो, कधी मोलकरणीला दचकायला लावतो. जादूगाराच्या मागे उभं राहून जादू बघितल्यासारखं झालं. पेन्सिलवाला खरं बोलत होता, भाचाच होता. ते मी खोडलं नाही, तसंच परत केलं.

म्हणून माझी पहिली शिफारस तुम्हाला उलटी वाटेल, खुनी आधीच सांगून टाकणारी पुस्तकं वाचा. हा प्रकार नवा नाही, ऑस्टिन फ्रीमन नावाच्या इंग्रज लेखकाने १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' मध्ये हेच केलंय, आधी गुन्हा कसा झाला ते सगळं आपल्या डोळ्यांसमोर आणि मग डॉ. थॉर्नडाइक तो कसा उकलतो ते. पण आजच्या वाचकाने सरळ जपानी केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्यावं. मूळ २००५ चं, तिकडचं नाओकी पारितोषिक मिळालेलं. डबेवाल्या दुकानात काम करणारी एक बाई, तिची शाळकरी मुलगी, त्रास देणारा आधीचा नवरा. सुरुवातीलाच तो मरतो, कुणी मारला ते आपण बघतो, आणि शेजारचा गणिताचा मास्तर म्हणतो की पुढचं मी बघतो. तपासात पोलिसांना मदत करणारा फिजिक्सवाला नेमका त्याच मास्तरचा कॉलेजातला मित्र. दोन हुशार माणसं समोरासमोर, एकमेकांबद्दल आदर आहे आणि तरी एकाला दुसऱ्याला पकडायचंय. मला सगळं माहीत होतं असं शेवटच्या तीस पानांपर्यंत वाटत होतं, बास, पुढे बोलत नाही.

खुनी कळल्याने बिघडत नाही ह्याचं दुसरं कारण जरा धंद्यातलं आहे. मी दोन वर्षं एका फौजदारी वकिलांकडे ज्युनियर होतो. तिथे 'कोणी केलं' हे एफआयआरमध्येच लिहिलेलं असतं बऱ्याचदा, नावगावासकट, आणि पुढे कित्येक वर्षं भांडण चालतं ते सिद्ध कसं करायचं ह्यावर. तेव्हापासून तो दिवाणखान्यातला सीन मला हसू आणतो, सगळे संशयित गोल बसलेत, गुप्तहेर फेऱ्या मारत भाषण ठोकतोय, इन्स्पेक्टर कोपऱ्यात उभा आणि खुनी उसळून म्हणतो हो हो मीच मारलं! आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही हो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. कोठडीतल्या आरोपीने सुरा अमक्या विहिरीत टाकलाय असं सांगितलं आणि तो तिथे खरंच सापडला तर तेवढ्यापुरतं चालतं, पेपरात 'आरोपीने दाखवलेल्या ठिकाणाहून हत्यार जप्त' असं येतं ना, ते ह्याचमुळे. मग पंच फितूर होणार, पंचनाम्यावरच्या वेळा जुळणार नाहीत... ह्यात केवढी कादंबरी आहे! ठाणे अंमलदार, स्टेशन डायरी, पंचनामा ह्यांच्या जोरावर उभी असलेली मराठी कादंबरी मला पोटभर वाचायचीय, माझ्या हाताला अजून लागली नाही.

मराठीत काय, हेही विचारलंय तुम्ही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड हे नायक त्यांचेच, पण त्या कोडं सोडवायला वाचू नका, त्यांची गंमत वेगात आहे, प्रवासात घ्या. गुरुनाथ नाईकांचंही तेच. सुहास शिरवळकर मला जास्त आवडतात कारण त्यांची माणसं बोलतात छान, त्यांच्या बॅरिस्टर अमर विश्वास ह्या नायकापासून सुरू करा, दारा बुलंद हा दुसरा नायक नंतर. आणि सत्यजित रायांच्या फेलुदा ह्या गुप्तहेराच्या कथांचे अशोक जैनांनी मराठी अनुवाद केलेत ते लहान मुलांचे समजून सोडू नका, मी चाळिशीत वाचलेत.

मला न आवडणारंही सांगतो. दर तिसऱ्या प्रकरणात तिरक्या अक्षरांत खुन्याचं मनोगत, पहिल्याच पानावर एखाद्या मुलीचं प्रेत निव्वळ सजावटीला ठेवल्यासारखं, आणि शेवटी कुठूनतरी टपकलेला जुळा भाऊ. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी १९२९ मध्येच रहस्यकथेचे दहा नियम लिहून ठेवलेत, त्यात वाचकाची आधी तयारी केल्याशिवाय जुळे आणायचे नाहीत असं स्पष्ट आहे, आणि गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको असंही. तरी लोक आणतातच.

अजिबात ओळखता येणार नाही असंच हवं असेल तर अगाथा ख्रिस्तीबाईंचं १९२६ चं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या. त्यावर लबाडी केली म्हणून तेव्हा वाद झाला होता, मला वाटतं लबाडी नाहीये, पण ते ठरवायला दोनदा वाचावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी मला जास्त मजा आली. फक्त वाचनालयाची प्रत घेऊ नका, समासात कोण काय लिहून ठेवेल सांगता येत नाही.