शेजारची खुर्ची रिकामी होते तेव्हा

"मॅडम, सरांनी उतरायला बेल्ट सोडला आणि मी म्हणाले, सर, आज वारा जास्त वाटतोय. वारा नव्हता. मी खोटं बोलले."

मी लोकांच्या चिंतेवर, भीतीवर काम करते. पहिल्या भेटीत खुर्चीवर बसल्याबसल्या तिने हे सांगून टाकलं. वय १९. हेलिकॉप्टर चालवायला शिकत होती आणि लॉगबुकात इन्स्ट्रक्टरबरोबरचे ३२ तास जमा झाले होते. बरोबरीच्या सगळ्यांचे सोलो, म्हणजे पहिली एकट्याने केलेली उड्डाणं, उरकले होते. हिच्या सरांनी "आता तू एकटी जा" म्हणायची वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा हिने ती टाळली. एकदा वाऱ्याचं नाव सांगून, दुसऱ्यांदा डोकेदुखीचं.

"म्हणजे मी या कामाची नाहीच का?" हा तिचा प्रश्न होता. पहिल्या एकट्या उड्डाणाच्या उंबरठ्यावर थबकलेली मुलं आणि त्यांचे आईवडील मला हाच प्रश्न विचारतात, शब्द फक्त वेगळे असतात. म्हणून तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

तासांचा विषय आधी संपवते, कारण मुलं त्यातच सगळ्यात जास्त झुरतात आणि त्यात सगळ्यात कमी तथ्य असतं. अमेरिका, युरोप, भारत तिन्हीकडे सोलोसाठी वयाची किमान अट १६ वर्षांची आहे. खासगी परवान्यासाठी एकूण तास ठरलेले असतात: अमेरिकेत किमान ४०, युरोपात ४५, आणि त्यातले निदान १० एकट्याने. पण पहिला सोलो कितव्या तासाला व्हावा याचा सर्वांना लागू होणारा आकडा नाही. तो इन्स्ट्रक्टरचा निर्णय असतो. मैत्रिणीला २२ तासांत सोडलं आणि मला ३२ झाले, एवढ्यावरून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत.

मग मी विचारलं, "भीती नेमकी कशाची वाटते?"

"इंजिन बंद पडलं तर?"

"तर काय करशील?"

तिने न अडखळता सांगितलं. कलेक्टिव्ह, म्हणजे डाव्या हाताजवळचा दांडा, लगेच खाली, म्हणजे पात्यांचा कोन कमी होतो. मशीन खाली येऊ लागतं, खालून वर येणारी हवा पाती फिरती ठेवते. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा आणि पात्यांत उरलेल्या गतीवर कलेक्टिव्ह ओढून अलगद टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. सांगताना तिचा डावा हात मांडीजवळ आपोआप खाली गेला. आवाज स्थिर होता. मला विमानविद्या येत नाही, पण एवढं दिसलं की हिची भीती इंजिनात नाही. लोकांना पटेल असं कारण म्हणून तिने इंजिन पुढे केलं होतं, आणि बहुधा स्वतःलाही तेच पटवलं होतं.

मी प्रश्न बदलला. "सर उतरले, दार लागलं. आता आत काय नाही?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हं नाही."

मला कळेना. तिने समजावलं. सर बोलतात कमी, पण तिने काहीही बरोबर केलं की नाकातून एक बारीकसं "हं" म्हणतात. वळण घेतलं, हं. वेग जुळला, हं. उतरणीला लागली, हं. हेडसेटमध्ये तो आवाज आला की ती पुढचं करते. नाही आला, की हात थांबतो आणि नजर डावीकडे जाते, सरांच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे. ते हात हलले नाहीत म्हणजे ठीक चाललंय. ३२ तास तिने हेलिकॉप्टर स्वतःच्या हातांनी उडवलं होतं, पण बरोबर-चूक ठरवायचं काम एकदाही केलं नव्हतं.

एकटं जायची भीती बऱ्याचदा या रूपात येते. यंत्र येत असतं. आपण केलं ते बरोबर आहे, हे दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मान्य करणं येत नसतं. आणि हे कोणी शिकवतही नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला उड्डाण व्यवस्थित दिसतं. चिंतेवर काम करताना आम्ही अशा गोष्टींना सुरक्षेचे आधार म्हणतो. ज्याला लिफ्टची भीती आहे तो फोन हातात घट्ट धरून लिफ्टमध्ये जातो, आणि पोचल्यावर श्रेय फोनला देतो. हिचा फोन म्हणजे ते "हं" होतं. म्हणून प्रत्येक चांगल्या उड्डाणानंतरही तिचा विश्वास वाढत होता तो सरांवरचा.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या भेटीअखेर मी तिला संथ श्वासाचा सराव दिला आणि भीती वाढली की करून बघ म्हणाले. तिने तो हॉवरमध्ये केला. हॉवर म्हणजे जमिनीपासून थोड्याशा उंचीवर एका जागी तरंगत राहणं, आणि नवशिक्याला सगळ्यात अवघड तेच जातं. डाव्या हाताने कलेक्टिव्ह उचलला की ताकद वाढते, ताकद वाढली की नाक वळू बघतं, ते पायांतल्या पेडलने धरायचं, आणि पेडल हललं की उजव्या हातातल्या सायक्लिकलाही, म्हणजे मशीन पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या दांड्यालाही, थोडं सरकावं लागतं. एकाला स्पर्श केला की उरलेल्या दोघांना जागं व्हावं लागतं. त्यात तिने श्वास मोजायला लक्ष आत वळवलं. मशीन डुलायला लागलं, सरांनी कंट्रोल घेतले. ती रडवेली होऊन परत आली. मी तिची माफी मागितली. श्वासाचा सराव जमिनीवरचा, इंजिन सुरू करण्याआधीचा. हवेत लक्ष बाहेरच राहायला हवं, दूर क्षितिजाकडे.

तेव्हापासून मी अशा मुलांना शरीराबद्दल त्यांच्याच इन्स्ट्रक्टरचं ऐकायला सांगते. तिचे सर सांगायचे, उजवा हात मांडीवर टेकव, सायक्लिक बोटांत धर, मुठीत नको. हे किती खरं आहे ते मला चिंतेच्या बाजूने कळतं. भीती वाढली की मूठ आवळते, आवळलेली मूठ गरजेपेक्षा मोठी हालचाल करते, मशीन पलीकडे जातं, मग ते परत आणायला त्याहून मोठी हालचाल. भीती बोटांतून यंत्रात उतरते. उलटंही होतं: बोटं सैल केली की भीती थोडी उतरते. पूर्ण जात नाही, आणि जायलाही नको. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की काम जितकं अवघड, तितकं ते कमी ताणाखाली चांगलं शिकलं जातं. ताण शून्य करा, असं त्यांनीही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत तिने खाली बघत विचारलं, "मी इथे आले हे कुठे नोंदलं जाईल का? उडायला लागणारं मेडिकल सर्टिफिकेट जाईल का माझं?" मग पर्समधून एक गोळी काढून टेबलावर ठेवली. मित्राने दिली होती, "सोलोच्या दिवशी घे, शांत वाटेल" म्हणून. तिने घेतली नव्हती.

या जागी मी सगळ्यांना अगदी कळकळीने सांगते. शांत करणारी गोळी घेऊन उडायचं नाही. हात मंदावतात, निर्णय मंदावतो, आणि हलक्या प्रशिक्षण हेलिकॉप्टरमध्ये इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली करायला विचार करण्याएवढाही वेळ नसतो. कुठलंही औषध चालू करायचं असेल तर ते विमानचालनाच्या वैद्यकीय तपासनिसाला माहीत असायलाच हवं. बोलण्याबद्दल मात्र घाबरू नये. पहिल्या सोलोआधी धडधड होणं, झोप उडणं हा काही आजार नाही. पण कोणी हवेत कंट्रोलवर गोठत असेल, किंवा कित्येक आठवडे झोपच येत नसेल, तर आधी उडणं थांबवायचं आणि मग तपासणी. हिचं तसं काही नव्हतं. मी ते नीट विचारून घेतलं होतं.

राहिलं खोटं बोलणं. ते तिला भीतीपेक्षाही जास्त टोचत होतं. "आज नको" म्हणायचा हक्क प्रत्येक वैमानिकाला आहे, किंबहुना ते त्याचं कर्तव्यच आहे. वैमानिकांची "आय एम सेफ" नावाची एक यादी असते: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. उडण्याआधी स्वतःला यातलं एकेक विचारायचं. मग खरी सावधगिरी कुठली आणि पळवाट कुठली, हे ओळखायचं कसं? आम्ही दोघींनी यावर बराच वेळ घालवला, आणि जे सापडलं ते अगदी साधं होतं. मर्यादा आदल्या संध्याकाळी लिहायच्या. वारा इतक्या नॉटच्या वर, झोत इतक्यांच्या वर, झोप इतक्या तासांच्या खाली, तर नाही. आकडे सरांबरोबर बसून ठरवायचे, कारण ते मला ठरवता येणारे नाहीत. सकाळी वारा त्या आकड्याच्या वर असेल तर "नको" म्हणायचं आणि मान ताठ ठेवायची. खाली असेल, तर वारा हे कारण उरलं नाही. मग जे खरं कारण आहे ते त्याच्या नावाने सांगायचं: "सर, मला भीती वाटतेय."

सरांशी मी बोलावं अशी तिची इच्छा होती. मी नकार दिला. ते तिनेच बोलायचं होतं, कारण तेही एकट्याने घ्यायचं उड्डाणच होतं. ती बोलली. वाऱ्याचं आणि डोकेदुखीचं कबूल केलं, आणि "हं"बद्दलही सांगितलं. सरांना आपण असा काही आवाज काढतो याचा पत्ताच नव्हता. ते रागावले नाहीत. जरा गप्प झाले, एवढंच तिने सांगितलं.

पुढचे काही तास त्यांनी वेगळ्या रीतीने घेतले. सर्किटभर, म्हणजे उडून मैदानाभोवती फेरी मारून परत उतरेपर्यंत, सर बोलायचे नाहीत, हं नाही, मानही हलवायची नाही. धोका दिसला तरच हात घालायचा. ती मात्र मोठ्याने बोलायची: काय करतेय, का करतेय, आणि झाल्यावर कसं झालं. "उंची थोडी जास्त झाली, उतरवते." "हा अप्रोच तिरका जातोय, सोडून देते, परत येते." (अप्रोच म्हणजे उतरायला जमिनीकडे येणं.) सरांचं मत इंजिन बंद झाल्यावर, ब्रीफिंगच्या खोलीत. पहिलं मुकं सर्किट भयंकर गेलं असं ती म्हणाली. सरांकडे किती वेळा पाहिलं ते मोजायचंही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहणं जवळपास थांबलं. तिने मोठ्याने दिलेला निकाल आणि सरांचा नंतरचा निकाल बहुतेक वेळा जुळत होता, आणि जुळला नाही तिथे ती स्वतःला जास्त कठोर होती. हे तिने वहीत ओळीने मांडून मला दाखवलं.

याच दिवसांत तिने मला सिकॉर्स्कीची गोष्ट सांगितली. इगोर सिकॉर्स्कीने व्हीएस-३०० हे आपलं हेलिकॉप्टर १४ सप्टेंबर १९३९ ला स्वतः उचललं, ते जमिनीला दोरांनी बांधून. मोकळं उडालं ते १३ मे १९४० ला. "आठ महिने दोर होते मॅडम. ज्याने बनवलं त्यालाही." हे उदाहरण मला सुचलं नसतं.

एक गोष्ट मात्र सरांनी तिला आधीच सांगून ठेवली होती, आणि ती फार मोलाची ठरली. ते उतरले की मशीन हलकं होणार. नेहमीपेक्षा कमी कलेक्टिव्हवर उचललं जाणार. समोरचं वजन गेल्यामुळे नाक जरा वर राहणार, डाव्या-उजव्या बाजूचा तोल बदलणार, आणि सायक्लिक नेहमीच्या जागेवर नसणार. ज्याला "हं" ऐकायची सवय आहे त्याच्यासाठी वेगळं म्हणजे चूक. म्हणून मी तिला दोन रकाने करायला सांगितले: काय वेगळं वाटेल, आणि काय खरंच चुकलेलं असेल. पहिला रकाना भरला, दुसऱ्यात अगदी मोजक्या ओळी आल्या.

घरच्यांसाठी एवढंच. बाबा रोज संध्याकाळी "झाला का सोलो?" विचारायचे. प्रेमानेच. तिने त्यांना सांगितलं, "आज काय उडवलंस ते विचारा." ते तसं विचारू लागले.

मग एका सकाळी वारा लिहिलेल्या आकड्याच्या खाली होता. दोन सर्किटं झाल्यावर सरांनी बेल्ट सोडला. ती म्हणाली, "सर, भीती वाटतेय. वारा ठीक आहे." त्यांनी विचारलं, "जायचंय?" ती हो म्हणाली. त्यांनी आपले बेल्ट रिकाम्या खुर्चीवर नीट अडकवले, दार लावून ओढून पाहिलं, आणि तिला दिसतील असे समोरून बाजूला चालत गेले.

मशीन खरंच लवकर उचललं. नाक वर. ती मोठ्याने म्हणाली, "वेगळं आहे, चूक नाही." तीन सर्किटं केली. पहिल्या लँडिंगला स्किडचा, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या खालच्या दांड्यांचा, मागचा भाग आधी टेकला. दुसरा अप्रोच उंच आला म्हणून सोडून दिला, कोणी न सांगता, आणि फिरून परत आली. हे सांगताना तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

"आणि उतरल्यावर सर हं म्हणाले का?" मी विचारलं.

ती आठवू लागली. ते धावत आले होते, हात मिळवला होता, दुसऱ्या अप्रोचबद्दल काहीतरी विचारलं होतं. "हं म्हणाले की नाही..." ती थांबली. "नाही आठवत मॅडम." मग वही उघडून तिने मला पुढच्या सोलोसाठी सरांबरोबर बसून लिहिलेले वाऱ्याचे नवे आकडे दाखवले.