अफवा तासाभरात पोचते, शिबिराचा निरोप का पोचत नाही?

तुम्ही विचारलंय की गावच्या रक्तदान शिबिराचा मेसेज वीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकूनही जेमतेम माणसं आली. मग अफवा कशी पसरते, आणि बातमी पसरवणारी माणसं ओळखायची कशी?

आधी ग्रुपचा हिशेब. वीस ग्रुप, प्रत्येकी २०० जण, म्हणून ४,००० लोकांना कळलं असं वाटतं. पण मंडळ, सोसायटी, दहावीची बॅच, पक्ष, सगळीकडे तीच नावं असतात. दोन-तीन ग्रुपच्या याद्या शेजारी ठेवून बघा. पाचव्या-सहाव्या ग्रुपनंतर नवं माणूस क्वचितच सापडतं. म्हणून ज्याच्या ओळखी जास्त तो कामाचा, हे खरं नाही. ज्याची ऊठबस दोन वेगळ्या घोळक्यांत आहे तो कामाचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं: जिवलगांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं, नवी बातमी जुजबी ओळखीतून येते. गावात असा दुवा म्हणजे आशाताई, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, गिरणीवाला.

ही माणसं शोधायला नकाशा लागत नाही, गावालाच विचारायचं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या २१३ गावांत हे करून पाहिलं. एका फुकट सोडतीची माहिती काही गावांत कुणाही तीन किंवा पाच माणसांना दिली, काही गावांत मानाच्या लोकांना, आणि काही गावांत गावकऱ्यांनीच ‘यांना सांगा, सगळीकडे कळेल’ म्हणून सुचवलेल्यांना. भाग घ्यायला मिस्ड कॉल द्यायचा होता. तिसऱ्या प्रकारच्या गावांतून सर्वांत जास्त कॉल आले.

तुम्ही असं करा. प्रत्येक वस्तीतल्या चार-पाच जणांना, एकूण वीसेक लोकांना, एकच प्रश्न विचारा: ‘जत्रेची बातमी कुणाला सांगितली तर सगळ्यांना कळेल?’ ‘गावात वजन कुणाचं?’ असं विचारू नका, सरपंचांचंच नाव येईल. विचारलेल्यांत निम्म्या बायका असू द्या, कारण पुरुष बहुधा पुरुषांचीच नावं देतात. जी नावं तीनदा-चारदा येतील त्यांतली सहा-सात निवडा, मात्र सगळी एकाच आळीतली नकोत.

आता खरी अडचण. कळणं वेगळं आणि येणं वेगळं. अफवा मानायला काही खर्च नाही, एका तोंडून ऐकली तरी पुरते. रक्त द्यायला सुईची भीती आणि अर्ध्या दिवसाची मजुरी आड येते. तिथे ओळखीचे दोन-तीन जण ‘मी येतोय, तू पण चल’ म्हणाले तरच पाय निघतो. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांच्या २०१० च्या प्रयोगातही आरोग्यविषयक सवय विखुरलेल्या ओळखींपेक्षा घट्ट विणलेल्या गटांत जास्त पसरली. म्हणून दुव्यांकडून बातमी पोचवा, पण एका वस्तीत किमान तीन जण स्वतः येणार हे आधी पक्कं करा आणि त्यांनाच शेजाऱ्यांना बोलवायला सांगा.

मेसेज फॉरवर्ड करू नका, प्रत्येकाने तो आपल्या शब्दांत लिहावा. पाच किंवा जास्त टप्पे फॉरवर्ड होत आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. ही बंधनं उगाच आलेली नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. पण मेसेज कॉपी करून पेस्ट केला की बाण राहत नाही, म्हणून बाण नसलेला मेसेजही खराच मानू नका.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एक चूक नेहमी होते: ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. आधी नंबर सेव्ह करून घ्या. तारीख वर्षासकट आणि वारासकट लिहा, नाहीतर तोच मेसेज पुढच्या वर्षी फिरतो आणि माणसं रिकाम्या मांडवात येतात. शिबिर झालं की किती पिशव्या जमल्या ते त्याच सहा-सात जणांना आधी कळवा.